मला परवानगी होती

माझी मुलगी रोज सकाळी आठ दहाला फोन करते. ऑफिसला जाताना, गाडीतून. बोलते मीच. ती मधूनमधून "हं", "ओके", "आई, एक सेकंद, लेन बदलतेय" एवढंच. मग तिच्या ऑफिसचं गॅरेज येतं. ते जमिनीच्या खाली आहे, त्यामुळे आत शिरलं की रेंज जाते आणि फोन तुटतो. माझं वाक्य तसंच लोंबकळत राहतं, ते मी दुसऱ्या दिवशी पुरं करते. इतकी वर्षं हे चाललंय, आता त्याचं काही वाटत नाही.

गेल्या जुलैमध्ये एक दिवस मात्र तीच आधी बोलली.

"आई, तुझा जुना इंडियन पासपोर्ट कुठेय? पहिला. ज्याच्यावर तू आलीस तो."

मी गवार मोडत होते. हात थांबले. "का गं?"

"हिचं ओसीआय करायचंय."

ही म्हणजे माझी नात. ती स्टेट कॉलेजला शिकते आणि तिला सहा महिने पुण्याला जाऊन राहायचंय. ओसीआय म्हणजे आपल्यासारख्या परदेशी झालेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना मिळणारं कार्ड. ते असलं की भारतात जायला दरवेळी व्हिसा काढावा लागत नाही. पण त्यासाठी घरातलं कुणीतरी मूळचं तिकडचं होतं, हे कागदावर दाखवावं लागतं.

"माझा पासपोर्ट तर बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा गेला," ती म्हणाली. "आता तुझाच लागणार. त्यात माझं पण नाव आहे ना?"

होतं. तेव्हा आईच्याच पासपोर्टात लहान मुलाचं नाव लिहायची पद्धत होती. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी. तेव्हा तिला वेगळा पासपोर्ट नव्हता, तो नंतर काढला.

"हरवला बहुतेक," मी म्हणाले.

"हरवला? आई, तू दह्याचे रिकामे डबे फेकत नाहीस!"

"बघते. शोधते."

पुढे ती काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात तिचं गॅरेज आलं. मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीवर बसले. दुपारी बीपीचं मशीन लावलं तर त्याने असा काही आकडा दाखवला की मी ते बंद करून पुन्हा लावायचं धाडसच केलं नाही.

पासपोर्ट कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या क्लोजेटमध्ये गौरीचे मुखवटे ठेवायची पेटी आहे. तिच्यात मुखवट्यांच्या खाली जुन्या सोवळ्याच्या कापडात तो गुंडाळलेला होता. ती पेटी वर्षातून एकदाच उघडते आणि माझ्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. मी मुद्दाम तिथे ठेवला होता. देवाच्या खाली खोटं दडवलं. दरवर्षी गौरी मांडताना त्या दोघींच्या डोळ्यांकडे बघायची मला भीती वाटायची.

आता तुम्हाला सांगूनच टाकते काय खोटं ते.

माझं लग्न झालं तेव्हा हे डॉक्टर होते. लग्नानंतर चार महिन्यांत अमेरिकेला आले, शिकागोच्या एका हॉस्पिटलात. मी मागे राहिले, मला दिवस गेले होते. मुलगी झाली. ती अकरा महिन्यांची असताना ह्यांनी दोघींची तिकिटं पाठवली. मी मुंबईला व्हिसा काढायला गेले, ती कडेवर. खिडकीपलीकडचा साहेब हसरा होता. त्याने शिक्का मारला, त्यात हाताने लिहिलं, आई आणि मूल, दोन व्यक्ती. वर बाळाला टाटा केला.

आणि मी एकटी आले.

मुलीला मिरजेला माझ्या ताईकडे ठेवलं, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. ताईला मूल नव्हतं. म्हटलं, तीन-चार महिन्यांनी जाऊन घेऊन येऊ. पण त्या शिक्क्याची मुदत चार महिन्यांची होती, आणि तेवढ्या दिवसांत आणलं नाही तर तो मेला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग तिचा वेगळा पासपोर्ट, वेगळा अर्ज. एकदा कागद परत आले, दुसऱ्यांदा यांचीच नोकरी बदलली. असं करत करत अडीच वर्षं गेली.

ती सहा वर्षांची असताना तिने विचारलं, "मी मिरजेला का होते?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला व्हिसा दिला नाही गं. साहेब म्हणाला, आईला परवानगी आहे, मुलाला नाही." एकदा सांगितलं ते सांगितलं. मग ते वाढतच गेलं. मी त्या साहेबाला चष्मा दिला. लाल टाय दिला. मी खिडकीशी रडले, हात जोडले, असंही एक वर्षी घातलं. ती गोष्ट निघाली की हे उठून पाणी प्यायला जायचे. मला यांनी कधी टोकलं नाही. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि खरं माहीत असणारी मी एकटी उरले. ताई त्यांच्या आधीच गेली होती.

आता हे सगळं एका शिक्क्यात होतं. आणि माझी मुलगी करते काय, तर एका विमा कंपनीत लोकांच्या कागदपत्रांत कुठे काय जुळत नाही ते शोधते. तोच तिचा धंदा. म्हणजे बघा.

त्यात नेमकं ऑगस्टमध्ये माझं भाषण होतं. भाषण म्हणजे काय, आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या आसपास राहणाऱ्या दहा-बारा जणी बुधवारी दुपारी लायब्ररीच्या खोलीत जमतो. सगळ्या रिटायर. दर महिन्याला एकीने काहीतरी वाचून येऊन सांगायचं. या वर्षीचा विषय होता लांबचा प्रवास केलेल्या बायका. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी वाचायला मी इथल्याच लायब्ररीत शिकले, मुलीच्या बरोबरीने, चित्रांच्या पुस्तकांवरून. ती दोन महिन्यांत माझ्या पुढे गेली, मी अजून रखडत रखडत मागून येतेय.

माझ्या शेजारी एक म्हातारी बाई राहते, रशियातून आलेली. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलतो, म्हणून आमचं चांगलं जमतं. तिला मी विषय सांगितला तर म्हणाली, "आमच्या सैबेरियाला गेलेल्या बायका घे. नवऱ्यांच्या मागे गेल्या." मला वाटलं, ही तर आपलीच गोष्ट. आमच्या मंडळातल्या सगळ्याच नवऱ्यामागे आलेल्या. आनंदाने होकार दिला आणि लायब्ररीतून चार पुस्तकं आणली.

तर गोष्ट अशी. दोनशे वर्षांपूर्वी रशियात काही तरुण सरदारांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी बादशहाविरुद्ध डिसेंबरच्या थंडीत बंड केलं. ते मोडलं गेलं. काहींना फाशी, बाकीच्यांना पायांत बेड्या घालून सैबेरियात खाणीत काम करायला पाठवलं. बायकांना सांगण्यात आलं, हवं तर नवऱ्यांना विसरा, दुसरं लग्न करा, आमची हरकत नाही. दहा-अकरा जणी म्हणाल्या, आम्ही जाणार. महालात राहणाऱ्या बायका हो, स्वतःचे केस कधी स्वतः विंचरले नसतील. महिना-महिना घोडागाडीत, बर्फातून. वाटेत एका गावी अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे कागद ठेवला. यापुढे तुम्ही सरदारीण नाही, कैद्याची बायको. तिकडे जी मुलं होतील ती साधी शेतकरी, सरकारच्या मालकीची. परत यायचं नाव नाही. सह्या करा. त्यांनी केल्या. एकीने नवऱ्याला पहिल्यांदा बघितलं तर त्याला मिठी मारायच्या आधी खाली वाकून त्याच्या पायांतल्या बेडीची पापी घेतली.

हे वाचताना मी चक्क रडले. मग पान उलटलं आणि माझं रडणं थांबलं.

मुलं. ज्यांना मुलं होती त्यांना ती मागे ठेवावी लागली. बादशहाची तशी आज्ञाच होती, मुलांना न्यायची परवानगी नाही. त्या बेडीची पापी घेणाऱ्या बाईचा मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता, वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. सासरी ठेवून ती गेली. वर्षभरात तो वारला. तिला ते पत्राने कळलं, पार उशिरा.

आईला परवानगी आहे, मुलाला नाही. शब्दन् शब्द माझेच. फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत ते खरं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्या बायकांचं दुःख माझ्या अंगावर घालून मिरवत होते, त्या कोण हे माहीतसुद्धा नसताना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज आठ दहाला फोन. "सापडला का?" "नाही गं, शोधतेय." दोनदा मी ती पेटी उघडली. एकदा तर पासपोर्ट घेऊन गॅरेजमधल्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती. डब्याचं झाकण उघडलं आणि मनात आलं, याच्याशिवाय नातीचं कार्ड होणार नाही. मग परत वर.

भाषणाच्या दिवशी मुलगी मला न्यायला आली. हायवेवर मी आता गाडी चालवत नाही. "हाफ डे टाकलाय," म्हणाली. "मी पण ऐकणार. हिला व्हिडिओ पाठवायचाय, आजीचं भाषण."

मी म्हटलं, "तू कशाला बसतेस? कंटाळशील. मॉलमध्ये जाऊन ये."

"आई, तू मला पळवून का लावतेयस?"

तर ती बसली. शेवटच्या रांगेत, फोन समोर धरून. मी कागद काढला. सुरुवातीला ठीक गेलं. बेड्यांची गोष्ट सांगितली तेव्हा बायका च्‌ च्‌ करायला लागल्या. एक जण म्हणाली, "अगं, आमचे हे बेसमेंटमध्ये गेले तर मी मागे जात नाही. सैबेरिया कुठलं घेऊन बसलीस!" हशा झाला. दुसरी म्हणाली, "माझे बेसमेंटमध्ये गेले की मी वरून दार लावून घेते." मीही हसले. मग सांगितलं, कैद्यांना पत्र लिहायची बंदी होती, म्हणून या बायकाच सगळ्यांच्या घरी पत्रं लिहायच्या. तुरुंगाच्या कुंपणाला फटी होत्या, तिथे त्या स्टूल टाकून बसायच्या, फटीतून नवऱ्याशी बोलायच्या.

मुलांचं मी गाळलं होतं. कागदावरच घेतलं नव्हतं.

आमच्यात नागपूरच्या एक डॉक्टरबाई आहेत, लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अहो, पण यांना पोरंबाळं नव्हती का?"

"होती," मी म्हणाले. "मागे ठेवली."

"कोणाकडे?"

"सासरी. नातेवाइकांकडे."

"हॅ!" डॉक्टरबाई मागे रेलल्या. "मग मला नाही बाई कौतुक. पोटचं पोर टाकून जाणारी बाई नवऱ्यासाठी जात नाही हो. स्वतःसाठी जाते."

खोली थंड होती, लायब्ररीत नेहमी एसी फार असतो, तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळला. मी म्हणाले, "त्यांना परवानगी नव्हती. बादशहाने..." आणि कागदात बघू लागले.

तेवढ्यात मागून माझी मुलगी उभी राहिली.

"मावशी, एक मिनिट. असं नाही म्हणायचं," तिचं मराठी असं तुटक, पण प्रेमाचं. "माझी आई पण मला ठेवून आली होती. मी अकरा महिन्यांची होते. अडीच वर्षं. व्हिसाच नाही दिला मला. एक रेड टायवाला ऑफिसर होता, आई त्याच्यासमोर रडली, हात जोडले, तरी नाही दिला. सो, आय थिंक, ती हे वाचताना काय फील करत असेल... ती आपणहून कधी बोलत नाही त्याच्याबद्दल." तिचा आवाज भरून आला. "मला माहितेय तिने किती सहन केलं."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. डॉक्टरबाई उठून आल्या, माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, "माफ करा हो. मला माहीत नव्हतं. तुम्ही ग्रेट आहात."

माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. यांचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हासुद्धा नाही. चोरी पकडली जाण्याची भीती वेगळी. इथे सगळे मला चोरीबद्दल शाल-श्रीफळ देत होते आणि माझी पोर मागे उभी राहून डोळे पुसत होती. फोन चालूच होता. आजीचं खोटं आता नातीपर्यंत पोचणार होतं.

गाडीत ती म्हणाली, "आय वॉज सो प्राउड, आई." मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि बाह्या वर केल्या. "चल. दुपार मोकळी आहे. आज पासपोर्ट शोधूनच जाते. वरच्या क्लोजेटपासून सुरू करू."

"आधी चहा घे."

"नंतर."

मी जिना चढून जाईपर्यंत ती स्टुलावर उभी होती. हिवाळी कोटांच्या पिशव्या खाली आल्या, यांची बॅग आली. मग तिने गौरीच्या पेटीला हात घातला.

"ती नको!" मी ओरडलेच.

ती दचकली. "का? शिवायचं नाही का? बरं, सॉरी."

खरं तर मी तिथेच सुटले होते. तिने पेटी सोडून दिली होती. मी म्हटलं असतं, हो, शिवायचं नाही, तर ती पुढच्या कपाटाकडे वळली असती. आणि संध्याकाळी मी पासपोर्ट कुठेतरी ओव्हनमध्ये नाहीतर आणखी कुठे लपवला असता. पण माझ्या कानात टाळ्या होत्या.

"मी काढते," मी म्हणाले.

पेटी पलंगावर ठेवली. एक मुखवटा काढला, दुसरा काढला, दोन्ही उशीवर टेकवून ठेवले. कापड उलगडलं आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. ते कागदाने सांगावं म्हणून मी दिला, हेही खरं.

"इथे होता? आणि तुला आठवत नव्हतं?" ती हसली. "देवीने सांभाळला."

यांच्या खोलीत जुना प्रिंटर आहे, त्याच्यावर स्कॅन होतं. ती म्हणाली, सगळी पानं करून ठेवू, उगाच परत मागायला नकोत. एकेक पान काचेवर ठेवायची, झाकण लावायची, आतून तो हिरवट उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायचा. मी दारात उभी होते. माझा फोटो आला. "आई, तू किती लहान दिसतेस! माझ्या मुलीएवढी." मग तिच्या नावाचं पान आलं. "हे बघ, मी!" खूश झाली.

मग शिक्क्याचं पान. तिने ते काचेवर ठेवलं, झाकण लावलं, उजेड सरकला. स्क्रीनवर पान मोठं होऊन आलं. ती पुढचं पान उलटणार तोच थांबली. धंदाच तिचा.

"आई, इथे टू पर्सन्स लिहिलंय."

"हो."

"मदर अँड चाइल्ड."

"हो."

"म्हणजे मला दिला होता?"

"दिला होता."

ती माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडेच बघत होती. "आणि तो रेड टाय?"

"टाय होता की नव्हता तेही आठवत नाही. हसरा होता. त्याने तुला टाटा केला."

"बाबा म्हणाले होते का, आणू नको म्हणून?"

एवढी मोठी पळवाट होती ती. मेलेल्या माणसावर ढकलायचं, कोण विचारणार! पण मी म्हणाले, "नाही. त्यांनी दोघींची तिकिटं पाठवली होती. विमानतळावर ते कितीतरी वेळ माझ्या मागे बघत होते. त्यांना वाटलं, मागून कुणीतरी तुला घेऊन येतंय."

आता ती खुर्चीवर बसली. "मग का?"

मी सांगायला लागले. तुला दोनदा न्यूमोनिया झाला होता. सगळे म्हणत होते, तिकडच्या बर्फात पोर टिकायचं नाही. ताई रडत होती, थोडे दिवस तरी ठेव म्हणत होती. हे सगळं खरं होतं, पण ते मी इतक्या घाईघाईने सांगत होते की मलाच माझी लाज वाटली. मी थांबले. म्हटलं, "आणि मला एकटीला यायचं होतं. तेवीस वर्षांची होते मी. यांच्याबरोबर उणेपुरे चार महिने राहिलेली. त्यानंतर बाळंतपण, तुझी आजारपणं, रात्री-बेरात्री तुझा खोकला. मला वाटलं, थोडे दिवस फक्त नवऱ्याची बायको व्हावं. विमानात मला गाढ झोप लागली. दीड वर्षात तशी लागली नव्हती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून उरलेली पानं स्कॅन केली. सगळी. कोरी पानंसुद्धा, एकेक करून. तो उजेड जात होता, येत होता. मग पासपोर्ट बंद करून माझ्या हातात दिला, पर्स घेतली, म्हणाली, "ट्रॅफिक लागेल. निघते." दार हळूच लावून गेली. चहा राहिलाच.

गुरुवारी आठ दहाला फोन वाजला नाही.

शुक्रवारी नाही. शनिवार-रविवार ती येते, भाज्या आणते, गोळ्यांचा डबा भरून देते. आली नाही. मी गोळ्या माझ्या मीच भरल्या, दोनदा मोजल्या. बाहेर कुठलीही गाडी वळली की मी पडद्याशी. आपणहून फोन करायला बोट पुढे जायचं आणि मागे यायचं. तिने उचललाच नाही तर? आणि उचलून म्हणाली, करू नकोस, तर?

त्या अडीच वर्षांत मला अशीच भीती असायची. मिरजेहून ताईचं निळं पत्र आलं की मी ते फोडायची नाही. टेबलावर ठेवायची आणि हे येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. हे फोडायचे, आधी सगळं मनात वाचायचे आणि मान हलवायचे, ठीक आहे म्हणून. मगच मी ते हातात घ्यायची. त्या रशियन बाईच्या हातात तसलंच एक पत्र कुणीतरी दिलं असेल, तेव्हा मान हलवायला कोण होतं? माझी पोर जगली यात माझी काही कर्तबगारी नाही. ताईची आहे. हे मी त्या बुधवारी लायब्ररीत सांगायला हवं होतं.

सोमवारीसुद्धा नाही. शेजारची रशियन बाई सूप घेऊन आली, माझं तोंड बघून नुसतं सूप ठेवून गेली.

मंगळवारी आठ दहाला वाजला. मी दोन्ही हातांनी उचलला.

"आई."

"बोल गं."

रस्त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तू मला घ्यायला मिरजेला आलीस. मी साडेतीन वर्षांची. मी तुला ओळखलं नाही ना?"

"नाही."

"मी काय म्हणायचे तुला?"

माझे डोळे गच्च मिटले. हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. "मावशी म्हणायचीस. ताई तुझी आई होती. ताईनेच तुला शिकवलं होतं, मावशी अमेरिकेहून येणारे, बाहुली आणणारे."

"आणि विमानात?"

"विमानात तू आई आई करून रडलीस. मुंबईपासून लंडनपर्यंत. ताईसाठी. मी जवळ घेतलं की हात झटकायचीस."

"मग तू काय केलंस? सांगितलं नाहीस, की मीच आई आहे म्हणून?"

"नाही गं. मी म्हटलं, आई मिरजेला आहे, तिने मला तुझ्याजवळ बसायला सांगितलंय. मग तू जरा थांबलीस. मावशी, पाणी, म्हणालीस. मी पाणी दिलं. इथे आल्यावरसुद्धा चार-पाच महिने तू मावशीच म्हणायचीस आणि मी ओ द्यायची. हे म्हणायचे, सुधार तिला. मी सुधारलं नाही. कुठल्या तोंडाने सुधारणार?"

तिच्या गाडीचा सिग्नल टिक टिक वाजत होता. डावीकडे वळायचं असेल. ती रडत होती की नुसती गाडी चालवत होती, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही. अजूनही तिने, जाऊ दे आई, असं म्हटलेलं नाही, आणि मी तशी वाटही बघत नाही. नातीचे कागद तिने भरून पाठवले, एवढं नंतर कळलं.

त्या फोनवर शेवटी ती म्हणाली, "आई, गॅरेज आलं. आता फोन कट होईल."

आणि झाला. इतकी वर्षं तो तसाच कट होतो, ती कधी सांगत नाही. त्या दिवशी सांगून गेली.